लोखंडी रॅक घरी येताना

श्रावणातली गोष्ट. फलटणकडे ताईच्या घरी मी मुक्कामाला होतो. पहाटे पाचच्या सुमारास साठवणाच्या खोलीतून असा आवाज झाला, की कोणी पत्र्यावर दगडांची पाटी उपडी केली असे वाटावे. दाजी बॅटरी घेऊन धावले, मागोमाग मी. दार उघडले तर महिन्यापूर्वी उभी केलेली लोखंडी मांडणी तोंडावर पालथी पडलेली. ठिबकचे सामान जमिनीवर पसरले होते, बियाण्याचे डबे चेपले होते आणि फवारणीच्या औषधाची एक बाटली फुटून खोलीभर उग्र वास सुटला होता. आदल्या संध्याकाळी ताईची धाकटी मुलगी याच मांडणीपुढे बसून बचत गटाच्या मसाल्याच्या पुड्या मोजत होती. आत्याबाईंनी खोलीत डोकावून पाहिले आणि दारातच मटकन खाली बसल्या. "पोरगी वाचली रे बाबा," एवढेच त्या म्हणाल्या.

आधी दारे-खिडक्या सताड उघडली, मुलांना आणि कुत्र्याला लांब केले, सांडलेल्या औषधावर कोरडी माती टाकली आणि हातमोजे घालून ती माती भरली. हे सगळे उरकल्यावर उजाडले, चहा झाला आणि मग चौकशी सुरू झाली. दाजींचे पहिले म्हणणे असे, की माल जुना होता म्हणून मांडणी पडली. माझेही मत आधी तेच होते. पण मोडलेले भाग अंगणात मांडून एकेक पाहिला तेव्हा निराळेच दिसले. मांडणी मुळात चांगली होती. ती बिघडली ती वाटेत, मग आपल्याच अंगणात, आणि शेवटी ती उभी करताना.

अलीकडे गावोगावी अशा मांडण्या येऊ लागल्या आहेत. कोणी कृषी केंद्र घालतो, कोणी शेतकरी कंपनीचे गोदाम करतो, कोणाला भाजीचे बियाणे आणि ठिबकचे जोड उंदरांपासून जपायचे असतात. तासगावकडे बेदाण्याची शेड पाहिलीत तर तिथेही अँगलच्या खांबांवर एकावर एक जाळ्यांचे मजले असतात. शहरात कारखाने बंद पडतात, दुकाने जागा बदलतात, आणि त्यांचे रॅक किलोच्या भावाने निघतात. घेण्यात काही चूक नाही. मात्र रॅक घेताना आपण भावाची जेवढी घासाघीस करतो, तिच्या निम्मेही लक्ष तो घरी कसा येईल इकडे देत नाही.

भोकाभोकांचा अँगल

आपल्याकडे सर्रास दिसतो तो रॅक म्हणजे भोके पाडलेल्या अँगलचे चार उभे खांब आणि त्यांना नटबोल्टाने जोडलेल्या पत्र्याच्या फळ्या. ही कल्पना डिमेट्रियस कोमिनो या ग्रीक वंशाच्या, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या इंजिनियरची. लंडनमध्ये त्याचा छापखाना होता. तिथे दर वेळी नवे मेज, नवी मांडणी सुताराकडून करून घ्यायची आणि काम संपले की ती मोडीत टाकायची, याचा त्याला कंटाळा आला. मुलांच्या खेळण्यासारखे पुन्हा पुन्हा जोडता-सोडता येईल असे काही असावे म्हणून त्याने हा अँगल काढला आणि १९४७ साली तो 'डेक्सियन' नावाने बाजारात आणला. १९५३ साली ग्रीसच्या आयोनियन बेटांवर मोठा भूकंप झाला, तेव्हा याच अँगलच्या सांगाड्यांवर लोकांसाठी घरेही उभारली गेली. पुढे जगभर अनेक कारखान्यांनी तसलाच अँगल काढला, आणि आता तो आपल्या तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो.

सोडता येते हाच या रॅकचा मोठा गुण, आणि घात होतो तोही तिथेच. लाकडी कपाट सुतार एकदा जोडून जातो. हा रॅक मात्र आपण सोडतो, वाहतो, ठेवतो आणि पुन्हा जोडतो, आणि प्रत्येक वेळी आपली चूक होण्यास जागा राहते.

घेतानाच एक हिशेब लक्षात ठेवावा. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. हे उलटे गणित पुष्कळांना ठाऊक नसते. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९, आणि २२ गेज म्हणजे ०.७. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचे वजन ७.८५ किलो भरते. त्या मापाने तीन फूट लांब व दीड फूट रुंद फळी २० गेजची असेल तर नुसता सपाट पत्राच तीन किलोच्या आसपास जातो, आणि वळवलेल्या कडा धरून साडेतीनपर्यंत. तीच फळी २२ गेजची असेल तर सपाट पत्रा सव्वादोन-अडीच किलोतच आटोपतो. तेव्हा विकणारा २० गेज म्हणाला तर एक फळी काट्यावर टाका. काटा खोटे बोलत नाही.

पाच फळ्यांचा, सात फूट उंचीचा असा एक रॅक साधारण पंचवीस-सव्वीस किलोचा होतो. दाजींनी वीस घेतले होते, म्हणजे पाचशे किलोच्या वर लोखंड. आणि बोल्ट? एका फळीला चार कोपरे, दर कोपऱ्याला दोन, म्हणजे फळीमागे आठ, रॅकमागे चाळीस, आणि वीस रॅकचे आठशे. हा आकडा ताईने काढला. दाजी म्हणाले, "एवढे कशाला मोजायचे?" त्यावर ती म्हणाली, "घरी आले ते साडेपाचशेच आहेत, म्हणून मोजायचे."

सोडणे आणि बांधणे

पुण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बंद कारखान्यात दाजी सकाळी गेले आणि दुपारपर्यंत टेम्पो भरून निघालेसुद्धा. घाई होती. हमालांनी रॅक वरून सोडायच्या ऐवजी आडवे पाडून सोडले. सगळे खांब एका ढिगात, फळ्या दुसऱ्या ढिगात, आणि बोल्ट गोणीत भरून फाळक्याजवळ टाकलेले. गोणीला भोक पडले आणि रस्ताभर बोल्टांची पेरणी झाली.

कसे करायला हवे होते ते सांगतो. आधी मांडणी उभी असताना मोबाइलवर तिचे चार फोटो काढावे, एक कोपऱ्याचा अगदी जवळून. तिकोनी कोपरापट्ट्या कुठे बसतात, तळाशी पाट्या आहेत का, मागे आडव्यातिडव्या ताणपट्ट्या आहेत का, हे दोन महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही. निरनिराळ्या मापांचे रॅक असतील तर खांबांवर ऑइलपेंटने खूण करावी. खडूची खूण पहिल्या पावसाला पुसून जाते. सोडताना वरच्या फळीपासून खाली यावे. तळाची आणि सर्वांत वरची फळी शेवटपर्यंत ठेवावी, म्हणजे सांगाडा अंगावर येत नाही.

खांब जोडीजोडीने एकात एक बसवून आठ-आठ, दहा-दहाचे गठ्ठे करावे आणि तीन ठिकाणी बांधावे: दोन टोकांना व मध्ये. फळ्यांच्या रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये जुने गोणपाट किंवा कागद घालून दहा-दहाची थप्पी बांधावी. तिचे वजन तीस-पस्तीस किलो होते, म्हणजे दोघांनी उचलण्याजोगे. त्याहून मोठी थप्पी बांधली की ती उचलली जात नाही, ओढली जाते, आणि ओढली की वाकते. बोल्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा ड्रायव्हरशेजारी ठेवावा. हे सगळे करताना हातमोजे घालायचेच. जुन्या पत्र्याच्या कडेने बोट कापले तर हळद दाबून गप्प न बसता दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारावे.

हौद्यात खांबांचे गठ्ठे तळाशी, लांबीच्या दिशेने, पुढच्या फाळक्याला अगदी टेकवून ठेवावे. पुढे हातभर मोकळी जागा राहिली, की ब्रेक लागताच ती लोखंडी फौज तेवढ्या जोराने केबिनवर येते. फळ्यांच्या थप्प्या त्यावर, आणि फळ्यांवर दुसरे जड काही नको. पोकळ्या गोणपाटाने किंवा जुन्या टायरने ठासाव्यात. दोरखंड पत्र्याच्या धारेवरून गेला तर धक्क्यांनी कापला जातो. म्हणून धारेवर टायरच्या ट्यूबचा तुकडा किंवा जाड गोणपाट घालून मगच आवळावा. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन दोर पुन्हा ताणावे, कारण माल बसला की दोर सैल पडतोच. आणि मालावर माणूस बसवू नये. आपल्याकडे सरकी असो की सळ्या, वर दोघे जण बसलेले असायचेच. सरकीत माणूस रुततो. लोखंडावर तो घसरतो, आणि माल त्याच्यावर घसरतो.

लांब खांब मागे लोंबत ठेवून त्याला लाल फडके बांधण्याची रीत जुनी आहे. रात्री ते फडके कोणाला दिसत नाही. मोटारसायकलवाल्याच्या छातीच्या उंचीला आलेले अँगलचे टोक काय करते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मर्यादेबाहेर माल लोंबवणाऱ्याला वीस हजार रुपये दंड आहे, आणि माल उतरवून घेण्याचा खर्चही त्याच्याच माथी बसतो. दहा फुटी खांब असतील तर दहा फुटांहून लांब हौद्याची गाडी करावी. भाड्यात जी काही शे-दोनशेची बचत होते तिच्यासाठी हा धोका घेऊ नये.

सही करण्यापूर्वी

माल वस्तीवर पोचला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. टेम्पोवाल्याला परतीचे भाडे गाठायचे होते. त्याने व त्याच्या माणसाने खांबांचे गठ्ठे वरूनच सोडून दिले. दाजी गोठ्यात धारा काढत होते. बाहेर आले, कागदावर "माल बरोबर मिळाला" म्हणून सही केली आणि टेम्पो गेला. सकाळी पाहिले तर चार खांब वाकलेले, सहा फळ्यांना पोचे पडलेले, आणि बोल्टांचे ते तसे झालेले.

दोष टेम्पोवाल्याचा होताच, पण सही आपली होती. मालाची वाहतूक भाड्याने करणाऱ्यांसाठी २००७ सालचा रस्ते वाहतुकीचा कायदा आहे. त्याप्रमाणे नुकसानीबद्दल दावा लावायचा असेल तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. पण नोटीस देताना हातात काही हवे ना! म्हणून बिल्टी करून घ्यावी, तिच्यावर नगांची संख्या आणि किंमत लिहून घ्यावी, आणि माल उतरवताना जे वाकलेले, चेपलेले, कमी आलेले दिसेल ते पोचपावतीवर सहीच्या वर लिहावे. "चार खांब वाकले, बोल्टांची गोणी फाटली" एवढे पुरे. शेजारी फोटो असला तर उत्तमच. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' असा शिक्का असला, तर जोखीम मालकाची असा त्याचा अर्थ. तो पाहूनच भाडे ठरवावे.

उतरवायला दोन माणसे आपली असावीत. गठ्ठा खांद्यावर घेताना पुढचा व मागचा एकाच बाजूच्या खांद्यावर घेतात, म्हणजे टाकताना एकाच्या मानेकडे येत नाही. आमच्याकडे ऊस भरणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. लोखंडाच्या बाबतीत मात्र तेच लोक ते विसरतात, कोण जाणे का.

अंगणातले दोन महिने

साठवणाची खोली रिकामी व्हायला अवकाश होता. तेव्हा सारा माल अंगणात भिंतीला टेकवून ठेवला आणि पाऊस लागणार म्हणून प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळला. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. कागद सोडला तेव्हा आत खालपासून वरपर्यंत दव साचलेले. रंगवलेल्या खांबांवर ओरखड्यांच्या जागी तांबूस गंज, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या फळ्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी.

ती बुरशी नसते, तो जस्ताचा गंज असतो. मुलामा दिलेला पत्रा उघड्या हवेत वर्षानुवर्षे टिकतो, कारण हवेने त्यावर आपोआप एक घट्ट थर धरतो. पण पत्र्यावर पत्रा चिकटून मध्ये पाणी अडकले आणि हवा लागली नाही, तर तो थर धरत नाही आणि जस्त नुसते झिजत राहते. काही आठवड्यांत पांढरी भुकटी दिसू लागते. वेळीच पाहून पुसले, वाळवले आणि हवेशीर ठेवले तर फारसे बिघडत नाही. तसेच ठेवले तर मुलामा जाऊन खालचे लोखंड उघडे पडते.

लोखंडाला गंजायला पावसाचीच गरज असते असे नाही. हवेतला ओलावा शेकडा साठाच्या वर गेला की गंज जोर धरू लागतो, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात तो त्याच्या पुष्कळ वर असतो. कोकणात आणि गोव्याकडे खारी हवा, तिथे तर आणखी वाईट. रात्री लोखंड थंड होते, सकाळची दमट हवा त्याला लागते आणि थंड पाण्याच्या तांब्याबाहेर थेंब धरावे तसे त्यावर पाणी धरते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले तर ते पाणी बाहेर जात नाही. म्हणून ताडपत्री घालायची ती गुडघाभर वर, तंबूसारखी, दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी ठेवून.

खाली विटा किंवा लाकडी ओंडके घालून माल जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा. खांब आडवेच ठेवावेत आणि दर दोन-अडीच फुटांवर आधार द्यावा, नाही तर आपल्याच वजनाने मधले खांब पाठ टाकतात. गुडघ्याच्या वर थर चढवू नये. भिंतीला टेकवून उभे तर मुळीच नको. उभा गठ्ठा एका धक्क्याने सरकतो आणि अंगणात मुले खेळत असतात. फळ्यांच्या मध्ये बारीक रिपा घालाव्यात व थप्पीचे एक टोक थोडे उचलून ठेवावे, म्हणजे पाणी निथळते. युरियाची, खताची किंवा मिठाची गोणी शेजारी ठेवू नये. खते हवेतले पाणी ओढून घेतात आणि त्यांच्या खारट ओलीने लोखंड फार लवकर खाल्ले जाते. आणि दोन महिने पडलेल्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने दोनदा वाजवावे. सापाला असली जागा फार आवडते.

गंज दिसलाच तर तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइलपेंट, एवढे घरी होण्यासारखे आहे. पण गंजाने पापुद्रे सुटले असतील, टोचा मारल्यावर भोक पडत असेल, तर ते लोखंड भंगारात घालावे. रंग लावून त्याला नवे दिवस आणू नयेत.

मांडणी का पडली

आता त्या पहाटेकडे येतो. पडलेल्या मांडणीत तीन चुका सापडल्या, आणि एकेकटीने बहुधा ती पडली नसती.

पहिली म्हणजे वाकलेला खांब. चार खांब वाकले होते, दाजींनी ते ऐरणीवर ठोकून सरळ केले. सरळ दिसत होते, पण डोळा लावून पाहिले तर एकात बाक आणि थोडा पीळ राहिलेला होता. वाकून परत सरळ केलेला पातळ अँगल पहिल्यासारखा राहत नाही. भार आला की तो त्याच जागी पुन्हा मुडपतो. युरोपात मोठ्या गोदामांतल्या रॅकसाठी जे मानक आहे त्यात एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावून पाहतात. आडव्या तुळईच्या दिशेने ५ मिलिमीटरपेक्षा जास्त, किंवा आतल्या बाजूच्या दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक असेल तर त्यावर आणखी माल चढवत नाहीत, आणि बाक त्याच्या दुपटीवर गेला तर रॅक ताबडतोब रिकामा करतात. आमच्या खांबाचा बाक पट्टी लावून मोजला, तो ९ मिलिमीटर भरला.

दुसरी चूक मधली फळी काढण्याची. तेलाचा उंच कॅन बसत नाही म्हणून दाजींनी खालून दुसरी फळी सोडून टाकली. आपल्याला वाटते फळी म्हणजे नुसती सामान ठेवायची जागा. पण तीच खांबांना मधल्या मध्ये धरून ठेवते. लांब, बारीक खांब किती भार सोसतो याचे गणित लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली मांडले. त्याचा सार असा, की आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली तर सोसण्याची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. आपल्या रॅकचे खांब तेवढे बारीक नसतात, त्यामुळे अगदी चौथाईपर्यंत घसरण होत नाही, पण ताकद पुष्कळच घटते. मुलांना दाखवायचे असेल तर ज्वारीचे वाळलेले धाट घ्या. हाताएवढे लांब धाट दोन तळव्यांत धरून दाबा, लगेच कमान होते. त्याचाच वीतभर तुकडा दाबून पाहा. काढलेली फळी नेमकी त्या ठोकलेल्या बाकाच्या समोरची होती.

तिसरी चूक जमिनीची. खोली जुनी, जमीन शेणाने सारवलेली. अँगलच्या खांबाचे टोक म्हणजे पातळ धार. तळाच्या पाट्या कारखान्यातच राहिल्या होत्या. श्रावणात जमीन ओलसर झाली आणि पुढचे दोन खांब बोटभर रुतले. दीड फूट खोलीची आणि सात फूट उंचीची मांडणी, म्हणजे उंची खोलीच्या साडेचार पटीहून जास्त. अशी मांडणी पुढे कलली की ती स्वतःला सावरू शकत नाही. चार पटीच्या आसपास उंची गेली की मांडणी भिंतीला किंवा जमिनीला पक्की करावीच. भिंत दगडमातीची असली तर खिळा धरत नाही. तिथे दोन रॅक पाठीला पाठ लावून बोल्टाने जोडावेत, म्हणजे बूड दुप्पट रुंद होते.

आत्याबाई हे सगळे ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी उतरंड असायची. मोठा डेरा खाली, गाडगं वर. चुंबळीवर बसवायची, ओल्या जमिनीवर नव्हे. एवढं तर आम्हाला अडाण्यांनाबी कळत होतं." दाजी काही बोलले नाहीत.

पुन्हा उभारणी

दिवाळीनंतर खोलीत शहाबादी फरशी घातली, आणि तळाच्या पाट्या लोहाराकडून करून घेतल्या. रॅक एकावेळी एक उभा केला. दोन बाजू जमिनीवर आडव्या जोडल्या, मग दोघांनी त्या उभ्या धरल्या आणि तिसऱ्याने तळाची फळी लावली. बोल्ट आधी हातानेच सैल बसवले. ओळंबा सोडून खांब उभा झाल्याची खात्री केली, पाणसळ ठेवून फळी पाहिली आणि मगच पान्याने आवळले. आधी आवळले तर वाकडेपण कायमचे बसते. कमी पडलेले बोल्ट जुन्याच जाडीचे आणले. बारीक बोल्ट भोकात बसतो खरा, पण आत हलत राहतो. मागच्या बाजूला आडव्यातिडव्या ताणपट्ट्या घातल्या. भिंतीपासून वीतभर अंतर सोडले, म्हणजे झाडू फिरतो आणि उंदराला आडोसा राहत नाही.

मालाची वाटणीही बदलली. औषधे आता त्या खोलीत नाहीतच. त्यांना गोठ्यापलीकडे कुलुपाचे वेगळे कपाट केले, त्यात पातळ औषधे खालच्या कप्प्यात आणि पावडरी वर, म्हणजे बाटली गळली तरी पुड्यांवर ओघळत नाही. तणनाशक बियाण्यापासून दूर. मसाल्याचे डबे ताईने स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत नेले. खताच्या गोण्या रॅकवर चढवायच्या नाहीत असे ठरले. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०, त्या जमिनीवर फळ्या टाकून रचल्या आहेत. रॅकवर तळाला पंप, मोटारीचे भाग व तेलाचा कॅन, मध्ये ठिबकचे जोड, वर हलके डबे. कॅनसाठी फळी काढली नाही, कॅन बुटका घेतला.

एका फळीवर किती वजन चालेल हे विकणाऱ्याला विचारून लिहून घ्यावे. जुन्या मालाला विचारणार कोणाला? तिथे आपणच बेताने भरावे आणि फळीकडे पाहत राहावे. तीन फुटी फळी भाराने मध्ये साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त झोक खात असेल, म्हणजे लांबीच्या दोनशेव्या भागाहून जास्त, तर भार कमी करावा. ताईने प्रत्येक फळीच्या कडेवर पांढऱ्या रंगाने किलो लिहिले आहेत, आणि मुलांनी मांडणीवर चढायचे नाही, वरचा डबा काढायला घडवंची घ्यायची, असे बजावले आहे. पावसाळ्याआधी आणि दिवाळीत अशा दोन वेळा दाजी पाना घेऊन सगळे बोल्ट फिरवून पाहतात. पहिल्या खेपेला अकरा सैल निघाले.

वीसांपैकी अठरा रॅक उभे आहेत. उरलेल्या दोहोंच्या चांगल्या फळ्या आणि खांब सुटे भाग म्हणून माळ्यावर ठेवले. ते चार वाकलेले खांब दाजींनी परसात रोवले आहेत. त्यांवर यंदा घेवड्याचा वेल चढला आहे.